शाळेची नवी इमारत कुठे: हायवेकडचा फुकटचा एकर की गावठाणातले चौदा गुंठे?

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. दक्षिण सोलापूर तालुक्यातलं, शहराच्या हद्दीपासून चार-पाच किलोमीटरवरचं गाव. गावठाणाला लागून चौदा गुंठ्यांत जिल्हा परिषदेची पहिली ते सातवीची शाळा. जुन्या चार खोल्या धोकादायक ठरल्यात आणि चार नव्या खोल्यांना मंजुरी मिळाली आहे. हायवेच्या पलीकडे प्लॉटिंग करणारे एक गृहस्थ एक एकर फुकट द्यायला तयार आहेत, पण महिनाभरात ठराव मागतायत. शाळा व्यवस्थापन समितीत दोन तट पडलेत, तुम्ही अध्यक्ष आहात आणि ‘शाळा हलवावी का’ असं विचारताय.

मी जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात आधी शाखा अभियंता आणि मग उपअभियंता म्हणून मिळून तीस वर्षं काढली. जिल्ह्याच्या अकरापैकी सहा तालुक्यांत शाळाखोल्या बांधल्या, काही चुकीच्या जागीही बांधल्या. त्या आधारावर सांगतो. पण सगळ्यात आधी एक काम करा. त्या चार खोल्यांत उद्यापासून एकही मूल बसवू नका. समाजमंदिर, देवळाचा सभामंडप, ग्रामपंचायतीचा हॉल, जे मिळेल तिथे वर्ग भरवा. जागेचा वाद सहा महिने चालू शकतो, छताला तेवढा धीर नसतो. निर्लेखनाचा, म्हणजे जुनी इमारत सरकारी नोंदीतून काढून पाडण्याचा प्रस्ताव वेगळा चालतो, त्याची आणि जागेच्या वादाची गाठ घालू नका.

आता मूळ मुद्दा. तुमच्या समितीत वाद चाललाय तो ‘एक एकर मोठा की चौदा गुंठे’ असा. खरा प्रश्न मात्र वेगळा आहे. पुढची पंचवीस-तीस वर्षं गावातली लहान मुलं कुठल्या घरांतून, कुठल्या वाटेने शाळेत येणार आहेत? आणि त्या भागाबद्दल सरकारी नकाशा काय म्हणतो? शाळेची इमारत एकदा उभी राहिली की आपल्या हयातीत ती हलत नाही. उलट गावच तिच्याकडे सरकतं. शाळेमागे अंगणवाडी जाते, पाण्याची टाकी जाते, वहीपेन्सिलीचं दुकान जातं, आजूबाजूच्या प्लॉटचा भाव वर जातो. म्हणजे शाळेची जागा ठरवताना आपण गाव कुठल्या दिशेने वाढणार तेही ठरवत असतो. प्लॉटिंग करणाऱ्याला हे नेमकं माहीत असतं. त्यात त्यांचं काही चुकतं असं मी म्हणत नाही. पण गावाचा हिशेब गावाने करायचा असतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. तुम्ही लिहिलंय त्यावरून शाळा हलवू नका. जुन्या जागेवरच दोन मजली बांधा. हे मत बदलू शकतील अशा तीन गोष्टी आहेत, त्यांच्याकडे येतो.

अंतराचा नियम आधी पाहू. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९चा. त्याखालच्या महाराष्ट्राच्या २०११च्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलाला घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीच्या मुलाला तीन किलोमीटरच्या आत शाळा हवी. नवी जागा गावठाणापासून दीड किलोमीटरवर आहे असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे आज दारात असलेली शाळा पहिलीच्या पोरासाठी नियमाबाहेर जाते. शिवाय किलोमीटर नकाशावर मोजून भागत नाही. ती वाट प्रत्यक्ष चालावी लागते.

मी काय करायचो ते सांगतो. एका गावात असाच प्रस्ताव आला, तेव्हा सकाळी साडेनऊला गावठाणातल्या शेवटच्या घरापासून एका दुसरीतल्या मुलीबरोबर चालत निघालो. तिच्या एका हातात दप्तर, दुसऱ्या हातात धाकट्या भावाचा हात. महिना डिसेंबरचा, गळीत हंगाम ऐन भरात. रस्त्याच्या कडेला आलो तर समोरून उसाचे दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, मागे ट्रक, त्यांना ओव्हरटेक करणाऱ्या गाड्या. ट्रॉलीबाहेर लोंबणारा ऊस डांबराला घासत चाललेला. आम्ही कडेला उभे. मी घड्याळ लावलं होतं. सुरक्षित ओलांडता येईल अशी मोकळीक मिळायला सात मिनिटं लागली, आणि सोबत मी मोठा माणूस होतो म्हणून ती मुलगी थांबली. हाच प्रस्ताव मे महिन्यातल्या पाहणीत पास झाला होता. मे महिन्यात कारखाने बंद, रस्ता मोकळा, शाळेला सुट्टी. तुमची पाहणी कुठल्या महिन्यात झाली ते बघा, आणि समितीतल्या दोन्ही तटांनी मिळून एकदा हंगामात ती वाट चाला. आमच्या जिल्ह्यात साखर कारखाने इतके आहेत की ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रस्त्याचं रूपच बदलतं, आणि शाळेचं निम्मं वर्ष त्यातच जातं.

मीच बांधलेल्या एका शाळेबद्दलही सांगायला हवं. गावाचं नाव घेत नाही. दानाची जागा ओढ्यापलीकडे होती. निधी परत जाईल या भीतीने मार्चअखेर घाईत कामाला हात घातला. इमारत चांगली झाली, भिंतीला आजही तडा नाही. पण पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की आया लहान पोरांना घरीच ठेवायच्या. दोन वर्षांत गावठाणातली बरीच मुलं खासगी शाळेच्या व्हॅनने जाऊ लागली. पट घसरला, पट घसरला म्हणून संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची संख्या ठरते त्यात, शिक्षक कमी झाले, आणि शिक्षक कमी म्हणून उरलेलीही गेली. ती शाळा बघितली की अजून जीव तुटतो. बांधकामात खोट नव्हती, जागा चुकली होती, आणि मोजमाप पुस्तिकेवर सही माझी होती.

आता नकाशाचा भाग. इथे बहुतेक समित्या पोहोचतच नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे जमिनीच्या वापराचा मूळ कायदा म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. शहरात महापालिकेची किंवा नगरपालिकेची विकास योजना असते आणि तिच्यात शाळा, मैदान, दवाखाना यांची आरक्षणं दाखवलेली असतात. शहराबाहेर जमिनीचा झोन, म्हणजे ती शेतीसाठी आहे की राहण्यासाठी, ते बघावं लागतं. शाळाखोल्या बांधणारं खातं मात्र वेगळं. ते पट आणि खोल्या मोजतं, निधी जिल्हा नियोजन समितीतून किंवा समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून येतो, आणि जमीन विकत घ्यायला त्यात सहसा पैसे नसतात. म्हणून जिथे फुकट जागा मिळेल तिथे शाळा जाते. एका खात्याच्या नकाशावर वस्ती एकीकडे वाढणार असते आणि दुसऱ्या खात्याची शाळा दुसरीकडे उभी राहते. दोघांचीही नियमाने चूक नसते, पण भुर्दंड पोरांना बसतो.

सोलापूर शहरातच याचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. १९९२ साली हद्दवाढ झाली आणि शहराचं क्षेत्र एका फटक्यात कितीतरी पट वाढलं. जुन्या पूर्व भागात विणकरांच्या, विडी कामगारांच्या वस्तीत महापालिकेच्या शाळा घरांच्या कुशीत होत्या. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू, ज्याची जी भाषा त्याला चालत जाता येईल अशी शाळा. हद्दवाढ भागात मात्र आधी गुंठेवारीचे, म्हणजे ले-आउट मंजूर न करता पाडलेले प्लॉट पडले, मग घरं, मग पाण्यासाठी मोर्चे, आणि शाळेसाठी जागा शोधायची वेळ आली तेव्हा मोकळी जागा उरली नव्हती. नकाशावर आरक्षण असलं तरी ते ताब्यात घ्यावं लागतं. त्याच १९६६च्या अधिनियमाच्या कलम १२७ प्रमाणे योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादन झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत हालचाल झाली नाही तर आरक्षण रद्द होतं. शाळेचं आरक्षण असं निसटलं की ते पुन्हा कुणी टाकत नाही. शहरात राहणाऱ्या पालकांनी आपल्या भागातल्या शाळेच्या आरक्षणाची तारीख माहीत करून ठेवावी असं मी नेहमी सांगतो.

तुमच्याच तालुक्यात कुंभारीला बघा. विडी कामगारांसाठी गोदूताई परुळेकर वसाहतीची दहा हजार घरं २००६ साली दिली गेली, आणि आता रे नगरची तीस हजार घरांची योजना, जिच्यातल्या पहिल्या १५,००० घरांचं वाटप १९ जानेवारी २०२४ला झालं. इतकी घरं एका जागी येतात तेव्हा मुलंही एकदम येतात. शिक्षकांची मंजुरी मात्र पटावर मुलं आल्यावरच मिळते. अशा ठिकाणी शाळेची जागा घरांच्या नकाशातच, पहिल्या दिवशी ठरलेली असावी लागते. हा प्रश्न एका ग्रामपंचायतीचा नाही. शहर आणि गाव या दोघांना मिळून सोडवावा लागतो, आणि घटनेनेही तो विचार केलेला आहे. कलम २४३ झेडडी जिल्हा नियोजन समितीला सांगतं की आराखडा करताना पंचायती आणि नगरपालिका यांच्या सामाईक बाबींचा, त्यात जागेच्या नियोजनाचाही विचार करा. म्हणजे शहरालगतच्या गावातल्या शाळेची जागा हा तिथे मांडता येण्यासारखा मुद्दा आहे. नुसत्या ‘चार खोल्या द्या’ अशा मागणीपेक्षा ‘या गटात वस्ती वाढतेय, इथे शाळेला जागा राखा’ असं पत्र नकाशासह जास्त चालतं. मी ते चालताना पाहिलंय.

तुमच्या गावापुरतं काय करायचं? नगर रचना कार्यालयातून दोन्ही जागांच्या गट क्रमांकांचा झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. नवीन एकर शेती झोनमध्ये आहे का, हायवेची इमारत रेषा, म्हणजे जिच्या अलीकडे रस्त्याच्या बाजूला बांधता येत नाही ती, त्यातून जाते का, रस्ता रुंद होणार आहे का, हे त्यातून आणि महामार्गाच्या कार्यालयातून कळेल. रस्तारुंदीत कुंपण आणि मैदान गेलेल्या शाळा मी पाहिल्यात.

मग त्या गृहस्थांकडे मंजूर ले-आउटची प्रत मागा. हे फार महत्त्वाचं आहे. डिसेंबर २०२०च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे चाळीस गुंठ्यांहून मोठ्या ले-आउटमध्ये दहा टक्के खुली जागा सोडावीच लागते, आणि मोठ्या ले-आउटला सुविधा क्षेत्र, म्हणजे शाळा-दवाखान्यासारख्या सोयींची जागाही लागते. दान म्हणून दाखवलेला एकर हा पुष्कळदा तोच असतो. म्हणजे कायद्याने जे सोडायचंच होतं तेच गावाला दान म्हणून दिलं जातं, आणि त्या प्लॉटधारकांच्या पोरांचं खेळायचं मैदान जातं. ले-आउट मंजूरच नसेल, गुंठेवारीच असेल, तर शाळेपर्यंतचा रस्ता कागदावर कुणाचा हे कधीच स्पष्ट होत नाही. हे सगळं स्वच्छ निघालं तर छान, दान करणाऱ्याचा मान ठेवा. पण आधी कागद, मग सत्कार.

पट किती होणार याचा अंदाज कसा काढायचा? अंगणवाडीताईंच्या रजिस्टरमध्ये शून्य ते सहा वयाचं प्रत्येक मूल नावानिशी असतं, जिल्ह्यात यापेक्षा विश्वासाची नोंद नाही. ती यादी घ्या आणि गावाच्या नकाशावर प्रत्येक घरावर ठिपका द्या. प्लॉटिंगमध्ये किती प्लॉट विकले हे विचारू नका, किती घरांत विजेचं मीटर आहे ते मोजा. विकलेला प्लॉट दहा वर्षं ओसाड राहू शकतो, मीटर आलं म्हणजे चूल पेटली. शहराजवळच्या नव्या वसाहतींतली सगळी मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत येतील असंही धरू नका, बरीच व्हॅनने इंग्रजी माध्यमाला जातात. हे ठिपके टाकल्यावर समितीतला निम्मा वाद मिटतो, कारण मग ठिपके कुठे दाट आहेत ते सगळ्यांनाच दिसतं. तुमच्या गावात ते गावठाणात आणि हायवेच्या अलीकडच्या दोन वस्त्यांवर दाट असतील असा माझा अंदाज आहे, पण तुम्ही ते मोजून बघा.

आता जुन्या जागेचं. चौदा गुंठे म्हणजे सव्वापंधरा हजार चौरस फूट. खाली दोन, वर दोन खोल्या, व्हरांडा आणि जिना धरला तरी इमारत दोन हजार चौरस फुटांच्या आत बसते. पहिली-दुसरी खाली, मोठे वर्ग वर, खाली रॅम्प. मैदान लहान पडेल हे खरं, त्यासाठी यात्रेचं मैदान शाळेच्या वेळेत वापरण्याचा ग्रामसभेचा ठराव घ्या. इमारत आडवी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे खिडक्या उत्तर-दक्षिण येतात, आणि व्हरांडा दक्षिणेला. सोलापूरचा मार्च-एप्रिल कसा असतो हे तुम्हाला सांगायला नको. पश्चिमेला खिडक्या असलेल्या वर्गात दुपारी पोरांना बसवणं हाल आहेत.

पायाचं बघताना दोन्ही जागांवर चाचणी खड्डे घ्या. गावठाण आपल्याकडे बहुधा उंचवट्यावर, मुरमाच्या जागी असतं, जुन्या लोकांनी ते जाणून निवडलं होतं. शेताच्या जमिनीत काळी माती आठ-दहा फूट लागू शकते. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पाया कडक मुरमापर्यंत नेला नाही तर तिसऱ्या वर्षी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा निघतो. अंदाजपत्रकात चार खोल्यांचा पैसा ठरलेला असतो. पाया खोल गेला की तेवढ्यात तीनच खोल्या बसतात, किंवा पाया वरच्यावर उरकला जातो. दुसरं जास्त वेळा घडतं, आणि त्याचं दुःख जास्त.

आणि सातबारा. जुन्या शाळेची जागाही कुणी तरी साठ वर्षांपूर्वी तोंडी दिलेली असेल. सातबाऱ्यावर अजून त्यांच्याच घराचं नाव असू शकतं, आणि जमिनीला भाव आला की नातू हरकत घेतात. बांधकामाआधी मोजणी करून घ्या, फेरफार तपासा, नाव जिल्हा परिषदेचं नसेल तर त्या घरच्यांशी आत्ताच बसून बक्षीसपत्र नोंदवून घ्या. देणाऱ्याची मुलं अजून मनाने चांगली असतात, एक पिढी गेली की अवघड होतं.

इथवरचं थोडक्यात: आधी ठिपके, मग झोन दाखला आणि ले-आउट, मग वाट चालून पाहणं, शेवटी माती आणि सातबारा. हे सगळं महिन्याभरात होतं, मी लोकांकडून करून घेतलंय.

माझं मत बदलणाऱ्या तीन गोष्टी म्हणालो होतो. एक, जुनी जागा ओढ्याच्या किंवा नदीच्या निळ्या रेषेत असेल तर तिथे बांधूच नका. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती रेषा. ऑक्टोबर २०२०मध्ये भीमाकाठी आणि सप्टेंबर २०२५मध्ये सीनाकाठी काय झालं ते आपण पाहिलंय. पुरात गाव शाळेतच आसऱ्याला येतं, तीच पाण्यात असून चालत नाही. दोन, ठिपक्यांच्या नकाशात निम्म्याहून जास्त लहान मुलं हायवेपलीकडे निघाली तर गाव खरंच सरकलंय. मग हायवेच्या अलीकडच्या मुलांसाठी पहिली ते पाचवीचे वर्ग इथे ठेवून पुढचे वर्ग तिकडे न्या. तीन, सातबाऱ्याचा वाद कोर्टात गेलेला असेल तर त्या जागेवर सरकारी पैसा टाकता येणार नाही, पर्याय शोधावाच लागेल. अशा वेळी गावठाणालगत सरकारी जमीन आहे का ते तहसीलमध्ये विचारा. गायरान असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, वेळ लागतो, पण जागा गावाजवळ राहते.

राहिले ते एकर देणारे गृहस्थ. त्यांना नाही म्हणू नका. त्यांना सांगा की जागा मंजूर ले-आउटमधल्या खुल्या जागेबाहेरची, स्वतंत्र हिस्सा मोजून, विनाअट बक्षीसपत्राने आज जिल्हा परिषदेच्या नावे करा. दहा वर्षांनी तुमच्या प्लॉटांवर घरं झाली, मीटर लागले, की तिथे दुसरी शाळा उभी राहील आणि तोवर कुंपण घालून झाडं लावू. खरंच मुलांसाठी द्यायची असेल तर ते तयार होतील. त्यांनी महिन्याची मुदत आणि ‘शाळा इथेच, आत्ताच’ ही अट सोडली नाही, तर तुमच्या समितीला तेवढ्यावरून पुरेसं कळेल. ठरावात दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या लिहा: बांधकाम जुन्या जागेवर, आणि नव्या जागेचं बक्षीसपत्र भविष्यातल्या शाळेसाठी. ठराव झाला की प्रत गटशिक्षणाधिकारी, बांधकामाचे उपअभियंता आणि नगर रचना कार्यालय अशी तिघांना द्या आणि तिन्हीकडून पोच घ्या.